नाना, गाय अशी चार दिवस आटत नसते

नाना,

काल तुझा दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजींनी हात पुसायच्या आत तो खाली उतरला आणि घाटावर जमलेल्या सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. "काही इच्छा राहिली नव्हती बघा नानांची," माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं, "समाधानानं गेले." मला इतका संताप आला की मी तिथून उठले आणि लांब पायऱ्यांवर जाऊन बसले. चोपन्नाव्या वर्षी, पायाच्या एका जखमेपायी माणूस समाधानानं जातो होय? आणि तुझी इच्छा राहिली नसेलही, माझी राहिली आहे. आपलं भांडण अर्धं आहे. तू मधूनच उठून गेलास, तुझी जुनीच सवय.

घरी भेटायला येणारे सगळे एकाच वळणाचं बोलतात. वेळ आली होती. शुगर होती ना त्यांना. देवापुढे कोणाचं चालतं. मी मान डोलावते, चहाचे कप पुढे करते आणि आतल्या आत धुमसते. देवाला कशाला मध्ये आणता? तुझ्या पायात काय झालं होतं ते मला नीट माहीत आहे. मी ते पाहिलं आहे. अठरा वर्षं मी लॅबमध्ये लोकांचे जंतू वाढवते आणि मोजते, आणि तुझ्या जखमेतला पू कापसाच्या काडीवर लागून आला तो माझ्याच टेबलावर. नळीवर तुझं नाव होतं. वय चोपन्न, पुरुष.

आम्ही काय करतो ते तुला एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगते, कारण तेव्हा तू ऐकताना गाईचं दावं बांधत होतास. चपट्या ताटलीत जेलीसारखा थर असतो. त्यावर जंतू पसरायचे, वर निरनिराळ्या अँटिबायोटिकांत भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या आणि ताटली उबेत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी बघायचं. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल राहतो. तुझ्या ताटलीत बारा चकत्या होत्या. दहा चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू दाट चिकटून आले होते, जणू तिथे काही ठेवलेलंच नव्हतं. तू ज्या लाल-काळ्या कॅप्सूल खिशात घेऊन फिरायचास, त्यातल्या औषधाची चकती मी आधी शोधली. तिच्याभोवती केसाइतकीही जागा नव्हती.

मी ती ताटली हातात धरून उभी होते आणि मला रडू आलं नाही, नाना. मला तुला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

तुझ्यासारख्या स्वच्छ माणसाच्या पायात हे व्हावं, याचा मला जास्त राग येतो. बाबांनी ठेवलेल्या तीन गाई तू वाढवल्यास तेव्हा गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला पेरूच्या बागा होत्या. पुढे आपल्या गोठ्याच्या तिन्ही अंगांना इमारती उठल्या, गाई पुन्हा तीनवर आल्या, पण गोठ्यातला नेम बदलला नाही. धार काढण्याआधी तू साबणानं कोपरापर्यंत हात धुणार, कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण टाकून गुलाबी पाणी करणार, कास धुणार, कोरड्या फडक्यानं पुसणार. किटल्या उकळत्या पाण्यानं खंगाळणार. फडकं प्रत्येक गाईला वेगळं. लोक पहाटे येऊन हे बघत उभे राहायचे आणि त्यांना तुझ्याच दुधाची खात्री वाटायची. आणि रतीब! पंचवीस वर्षांत तुझा रतीब चुकला नाही. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तू आधी घरोघर दूध घालून आलास आणि मग त्यांना न्यायच्या तयारीला लागलास. त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. तेव्हाच कोणीतरी तुला सांगायला हवं होतं की एक दिवस लोक बिनदुधाचा चहा प्यायले तर मरत नाहीत.

मी बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं तेव्हा तुझी छाती फुगली होती. आलेल्या-गेलेल्याला सांगायचास, "आमची सुनी जंतूंची डॉक्टरीण होनार." मी एकदा गोठ्यात पुस्तक घेऊन बसले होते आणि तू कास धूत होतास. मी तुला डिवचायला विचारलं, "हे लाल पाणी जंतू मारतं ना? मग गाय आजारी पडली की तिला पाजत का नाहीस?"

तू हसलास. "येडी का तू? पोट जळंल ना तिचं."

मग मी मोठ्या तोऱ्यात तुला समजावून सांगितलं. जंतुनाशक पाणी आंधळं असतं. समोर जंतू आहे की आपली कातडी, ते बघत नाही, जे सापडेल ते जाळतं. म्हणून ते वरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. अँटिबायोटिक मात्र निवडून मारतं. जंतूला अंगाभोवती एक भिंत असते, आपल्या पेशींना तशी नसते. पेनिसिलिन ती भिंत नीट बांधू देत नाही. जंतू वाढायला जातो, भिंत कच्ची राहते आणि तो फुटतो. आपल्याला भिंतच नाही, त्यामुळे आपलं काही बिघडत नाही.

तू फडकं पिळता पिळता थांबलास. "म्हंजे जंतू मरतो आनि आपल्याला काय धोका नाय?"

"नाही," मी म्हणाले.

हे मी म्हणाले, नाना. अर्धा धडा तुला मीच शिकवला. उरलेला अर्धा पुस्तकात पुढच्या प्रकरणात होता आणि मी तिथवर पोचले नव्हते. तू मात्र तेवढं वाक्य घट्ट धरून ठेवलंस. ताप आला, घे एक कॅप्सूल. बरं वाटलं, बस. दाढ दुखली, घे दोन. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला कधी चिठ्ठी मागायचा नाही, पानपट्टीवर सुपारी मागावी तसा तू मागायचास आणि तो पट्टी कात्रीनं कापून द्यायचा. हात कापला की तू कॅप्सूल मधोमध उघडायचास आणि आतली पिवळी पावडर जखमेवर भुरभुरवायचास. आपल्याकडे सगळेच करतात. मी किती वेळा पाहिलं असेल ते! एकदा माझ्याच धाकट्याचा गुडघा फुटला तेव्हा मीसुद्धा तुला ते करू दिलं. अंगावर पावडर टाकली की आत रक्तात औषध पुरेसं जात नाही, जखमेत मात्र थोडं थोडं राहतं. जंतूंना मारायला कमी आणि शिकवायला पुरेसं. मला हे ठाऊक होतं तरी मी गप्प बसले, कारण तू फुंकर घालत होतास आणि पोरगा रडायचा थांबला होता.

मग गाईंचं सुरू झालं. दगडी झाली, म्हणजे कास सुजून दगडासारखी टणक झाली, की पूर्वी तू ढोरांच्या डॉक्टरांना बोलवायचास. पुढे त्यांच्या कंपाउंडरनं तुला शिकवलं आणि तू स्वतःच ट्यूब आणायला लागलास. सडाच्या तोंडातून औषध आत सोडायचं, दोन दिवसांत सूज उतरते. फ्रिजमध्ये आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात त्या ट्यूब लोण्याशेजारी असायच्या. वहिनी कुरकुरायची आणि तू तिला गप्प करायचास.

मला याचा पत्ता लागला तो दह्यामुळे. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे तीनदा दही लागलं नाही. नाशिकचा मे महिना, दूध नुसतं झाकून ठेवलं तरी आंबावं असा, आणि माझ्या पातेल्यात दुसऱ्या दिवशी दूध तसंच पातळ. सासूबाई म्हणाल्या, विरजण जुनं झालंय. शेजारून विरजण आणलं. तरी तेच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दही लावतात तेही जंतूच असतात, नाना, गरीब बिचारे, आपल्या उपयोगाचे. तुझ्या दुधातलं औषध त्यांना मारत होतं. आणि ते दूध माझी मुलं पीत होती, समोरच्या इमारतीतलं सहा महिन्यांचं बाळ पीत होतं. रोज थोडं थोडं. उकळून ते जात नाही.

मी आधी तुला फोन केला होता, आठवतं? भांडायला नव्हता केला. तू म्हणालास, "अगं, ज्या सडात ट्यूब सोडतो त्या सडाचं दूध मी काढून टाकतो. बाकीच्या तीन सडांचं घालतो. कासेला चार कप्पे असत्यात, चारी येगळे. एवढं कळतं मला."

ते खरंच होतं. चारही कप्पे वेगळे असतात, एकातलं दूध दुसऱ्यात जात नाही. गाई पाळणाऱ्यालाच हे माहीत असणार, आणि म्हणून ही चूकही गाई पाळणाराच करणार. रक्त चारींना एकच आहे, नाना. औषध एका सडातून रक्तात जातं आणि रक्तातून उरलेल्या तिन्हींमध्ये उतरतं. मी हे सांगितलं तर तू म्हणालास, "बघू." तुझं "बघू" म्हणजे "नाही" हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तेव्हा मी जे केलं ते मी आजवर कोणाजवळ नीट बोललेले नाही. मी दोन वाट्या घेतल्या. एकीत तुझं दूध, दुसरीत पाकिटाचं. दोन्हीला एकच विरजण, एकाच कपाटात ठेवल्या. सकाळी तशाच ताटात घेऊन गोठ्यावर आले. धारेची वेळ होती. फाटकाशी सात-आठ माणसं किटल्या घेऊन उभी होती. मी तुला बाजूला बोलवू शकले असते. नाही बोलवलं. सगळ्यांसमोर दोन्ही वाट्या उपड्या धरल्या. एकीतलं दही घट्ट बसून राहिलं, दुसरीतलं दूध तुझ्या पायांवर सांडलं.

"बघ," मी म्हणाले, "लोकांना काय पाजतोस ते बघ."

तुझा चेहरा काळाठिक्कर पडला. तू खाली बघितलंस, मग लोकांकडे बघितलंस. "मी इख पाजतो म्हनती का तू लोकांना? माझ्या बहिनीनं म्हनावं हे?"

"आजपासून मला तुझं दूध नको," मी म्हटलं आणि चालू लागले.

मी बरोबर होते. अजूनही सांगते, बरोबर होते. पण बहिणीनं भावाचा रतीब बंद करणं म्हणजे काय, ते त्या वेळी माझ्या शास्त्रात बसत नव्हतं. दोन वर्षं आपण बोललो नाही. दोन भाऊबिजा गेल्या. पहिल्या वर्षी मी ताट करून ठेवलं होतं, तू आला नाहीस. दुसऱ्या वर्षी मी ताटच केलं नाही. वहिनी कधीमधी फोन करायची, तुझ्याबद्दल बोलायची नाही, मी विचारायचे नाही. आपण दोघंही एकाच हट्टाच्या पोटचे.

या दोन वर्षांत तुला शुगर निघाली, हे मला तिसऱ्याकडून कळलं. गव्हाणीच्या पत्र्यानं तुझ्या टाचेला चीर पडली, हे तर मला कळलंच नाही. ओल्या गमबुटात तू दिवसभर पाय ठेवलास. गाईची कास पोटॅशियमच्या पाण्यानं धुणारा माणूस स्वतःची टाच नळाखाली धरून मोकळा झाला! आणि वर कॅप्सूल फोडलीस. पाचव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला तेव्हा वहिनीचा फोन आला. रडत होती. "त्यांना सांगू नका मी फोन केला ते," म्हणाली.

हॉस्पिटलात तू मला दारात बघितलंस आणि तुझे डोळे हसले. अंगात ताप फणफणलेला, तरी खोड जात नाही. "सुने, तुझ्या जंतूंनी धरलं गं मला."

मी तुझा हात हातात घ्यायला हवा होता. मी विचारलं, "कॅप्सूल फोडून टाकलीस का जखमेवर?"

"टाकली."

"पोटात घेतल्यास?"

"घेतल्या ना. उरलेल्या होत्या तीन."

"तीन!" मी जवळजवळ ओरडले. शेजारच्या पलंगाजवळ बसलेल्या बाई वळून बघायला लागल्या. मग मी तुला तो उरलेला अर्धा धडा शिकवला, तुझा पाय काळा पडत असताना. जंतू वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दोन-तीन गोळ्यांनी जे मरतात ते लेचेपेचे. चिवट असतात ते मागे राहतात आणि त्यांना रान मोकळं मिळतं. पुढची पिढी सगळी त्यांचीच. काही जण तर औषधाचे तुकडे करायला शिकतात आणि ते दुसऱ्यांनाही शिकवतात. तुझ्या पायातल्यांनी हे कुठे शिकून घेतलं ते मला सांगता येणार नाही. तुझ्या खिशातल्या कॅप्सूलमुळे, गोठ्यातल्या ट्यूबमुळे, की सर्दीलाही सुई टोचणाऱ्या कुठल्या दवाखान्यातून तिसऱ्याच माणसाच्या अंगावर बसून आले असतील. त्यांना ओळखपत्र नसतं. पण शाळा आपण सगळ्यांनी मिळून काढली आहे, आणि तू तिच्यात नेमानं शिकवत होतास.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग ओठ चाटून म्हणालास, "सुने, त्या दुधाचं तुला एक सांगायचं व्हतं…"

"आता दुधाचं नाव काढू नकोस," मी म्हणाले. "पडून राहा."

मला वाटलं, तू पुन्हा चार कप्प्यांचं काढणार. तू डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी ताटलीवर फक्त दोन गोल दिसले. मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता फोनवरून डॉक्टरांना ती दोन नावं सांगितली आणि त्यांनी त्याच तासाला औषध सुरू केलं. तोवर जंतू रक्तात पसरले होते, लघवी बंद झाली होती. तू परत शुद्धीवर आला नाहीस. औषध चांगलं होतं, नाना. ते दोन दिवस आधी तुझ्या शिरेत असतं तर आज मी हे लिहिलं नसतं, आणि तुला माझा एवढा राग सहन करावा लागला नसता.

काल घाटावरून आल्यावर पाटणकर काकू आल्या. समोरच्या इमारतीतल्या, तुझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. वहिनीचा हात धरून बसल्या. म्हणाल्या, "नानांसारखं दूध पुन्हा मिळायचं नाही हो. शेवटची दीड-दोन वर्षं तेवढे जरा अनियमित झाले होते. मध्येच चार दिवस दूध नाही. विचारलं की म्हणायचे, गाय आटली, चार दिवस पाकीट घ्या. मग परत सुरू. आम्ही म्हटलं, तब्येत बरी नसेल."

माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला. काकू आयुष्यभर दूध विकत घेत आल्या, त्यांना कुठून कळणार! पण मी तर गोठ्यात वाढले आहे. नाना, गाय अशी चार दिवस आटत नसते. आटली की आटली, मग व्यायल्याशिवाय दुधावर येत नाही.

काकू गेल्यावर मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. तिनं आधी नजर चुकवली. मग पदरानं तोंड पुसून सांगितलं. "तुम्ही त्या वाट्या घेऊन आलात ना, त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ढोरांच्या डॉक्टरांकडे गेले, विचारून आले. तेव्हापासून ज्या गाईला ट्यूब, तिचं चारी सडांचं दूध मागच्या खड्ड्यात. चार दिवस. मी म्हटलं, सुनंदाताईंना सांगा तरी. तर म्हणाले, तिला कशाला सांगायचं, तिला वाटंल मी हरलो. लोकांनाबी काय सांगू नको. सांगितलं तर म्हनतील, म्हंजे तेव्हा खरंच इख पाजत व्हता."

मी तिथेच फरशीवर बसले. वहिनीही बसली. 

दोन वर्षं, नाना! दोन वर्षं मी अशा माणसावर रागावून होते ज्यानं दुसऱ्याच दिवशी माझं ऐकलं होतं. ज्यानं बाप गेला तरी रतीब चुकवला नाही, त्यानं माझ्या शब्दाखातर तो पुन्हा पुन्हा चुकवला, आणि वर खोटं बोलून स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेतला. गाईंचं ऐकलंस आणि स्वतःच्या खिशातल्या कॅप्सूल तशाच ठेवल्यास! का रे? मी त्या दिवशी फक्त लोकांच्या पोटाचं बोलले म्हणून? तुझ्या पोटात जातंय त्याचं काय, हे मी कधी विचारलंच नाही म्हणून? तू एक फोन करायला हवा होतास. शिव्या घालायला तरी करायचा. मी आले असते, गोठ्यात बसून चहा प्यायले असते, तुझी टाच बघितली असती. मला तुझा इतका राग येतोय की तुझ्या फोटोला हार घालायला हात वर होत नाही. आणि वहिनीनं सांगितल्यापासून माझी मान इतकी ताठ झाली आहे की विचारू नकोस. माझा भाऊ होता तो. चूक कळली तेव्हा त्यानं दूध ओतून दिलं.

आज सकाळी मी तुझ्याकडेच होते. परवापासून थोरल्या गाईला दगडी झाली आहे, डॉक्टर येऊन औषध सोडून गेले. वहिनीनं तिची धार काढली, मागच्या खड्ड्याकडे गेली आणि बादली रिकामी करून आली. फाटकाशी लोक उभे होते. वहिनी घुटमळली. "काय सांगू? नेहमीसारखं, गाय आटली म्हणू?"

मी पुढे झाले. म्हटलं, "एका गाईला अँटिबायोटिक चालू आहे. तिचं दूध चार दिवस कोणाला मिळणार नाही. दोन गाईंचं आहे ते वाटून घ्या."

एकानं किटली पुढे केली, "मग अर्धाच लिटर द्या." दुसऱ्या बाईंनी विचारलं, "बरी आहे ना आता गाय?" बस, एवढंच. तुला वाटलं होतं तसं आभाळ कोसळलं नाही. लोक दूध घेऊन आपापल्या घरी गेले.

पाटणकर काकू मात्र थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. "म्हणजे नाना तेव्हा… अगं बाई! मग सरळ सांगायचं ना त्यांनी. आम्ही काय खाल्लं असतं का त्यांना? गाय आटली म्हणून खोटं कशापायी बोलायचे?"

वहिनी खाली बघत किटली पुसत राहिली.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.